पेल्यातला लाल

मंगळवार, ९ जानेवारी

पुसला गेला.

नाही — मी पुसला. 'गेला' म्हणे! आपोआप थोडाच जातो?

इथे तरी नीट लिहायला हवं. बाहेर कुठे सांगणार नाही, हे मला आत्ताच कळून चुकलंय.

संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी ते मोठं चित्र साफ करायला घेतलंय. जेवण उरकलेलं टेबल, द्राक्षांच्या काड्या आणि सालं, एक सुरई, आणि सगळे उठून गेल्यावर एकटीच बसून राहिलेली बाई. हातात काचेचा पेला. वर जुन्या वार्निशचा थर इतका काळपट, की पेल्यात काही आहे की नाही ते आजवर कुणालाच सांगता आलं नसतं. जुन्या फोटोंतही तिथे नुसता अंधार.

दुपारी स्पिरिटच्या मिश्रणात बोळा बुडवला आणि पेल्यावरून पहिला हात फिरवला. काळं निघालं आणि खालून लाल वर आला. असा लाल! पेल्यात कुणी दिवा लावून ठेवावा तसा. खोलीत एकटी होते, तरी 'अगं बाई' असं तोंडातून निघालं. कडेला थोडं धुरकट राहिलं होतं. म्हणून स्पिरिट जरा वाढवलं आणि दुसरा हात फिरवला. बाईच्या शालीच्या लालावर आधी चाचणी घेतली होती, तो ढिम्म हलला नव्हता. पेल्यातलाही तोच असणार असं धरून चालले. दर रंगाची वेगळी चाचणी घ्यायची — हे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी बजावते. मीच!

बोळा गुलाबी झाला. उजेडाचा खेळ वाटला. आणखी एकदा फिरवला.

मग पाहिलं तर पेल्यातून पलीकडची टेबलाची कड दिसत होती. तिची बोटं दिसत होती.

स्पिरिटनं वाइन पुसली. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर पोट धरून हसले असते.

आणि त्यानंतर जे केलं ते पुसण्याहून वाईट. गुलाबी बोळे कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकले आणि घरी येताना रस्त्याच्या टोकाच्या कचरापेटीत टाकून दिले. आजूबाजूला बघून. चोरासारखी.


बुधवार, १० जानेवारी

कुणालाही कळलं नाही. संचालक मॅडम येऊन गेल्या. काय सुंदर उजळलंय, म्हणाल्या. तो लाल जगात फक्त मी पाहिलाय, तोही घटकाभर. मी गप्प बसले की तो कधी नव्हताच.

जीव भांड्यात पडला. मग त्याचीच लाज वाटली.


शनिवार, १३ जानेवारी

आज सर आले. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे ते. मीही एक वर्ष त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर काढलंय. त्यांना ते आठवत नाही, बरंच आहे.

प्रदर्शन वाइनचं आहे — चार दालनं. चित्रांतली वाइन, शब्दांतली वाइन, प्रयोगशाळेतली वाइन आणि विचारांतली वाइन. मॅडमचं डोकं. चौथ्या दालनासाठी सरांनी निबंध लिहायचा, तो पुस्तिकेत छापायचा आणि उद्घाटनाला त्यांनी त्यावरच बोलायचं, असं ठरलंय. त्यांच्या पत्नी, काकू, गेल्यापासून सरांनी एक ओळ लिहिलेली नाही. त्यांच्या सूनबाई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या होत्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, फार आशा ठेवू नका, हल्ली दाढीसुद्धा सांगितल्याशिवाय करत नाहीत.

मॅडमनी त्यांना एकेक चित्र दाखवलं. ते मान डोलवत होते, पण बघत कुठेच नव्हते. माझ्या टेबलाशी आले आणि थांबले. इतका वेळ थांबले की सूनबाईंनी खुर्ची आणली. ते बसले नाहीत.

मग म्हणाले, "संपलीय."

मॅडमना वाटलं सरांना घरी जायचंय.

"हिचा घोट संपलाय हो. पेला बघा ना. पेला रिकामा आहे आणि ही अजून चवीतच आहे. पिताना काढलेल्या बायका पुष्कळ पाहिल्या. पिऊन झाल्यावरची ही पहिली."

मॅडमचे डोळे लकाकले. सूनबाई सरांच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मी टेबलाची कड पुसायला लागले.

जाताना सर माझ्याकडे वळून म्हणाले, तुमच्यामुळे दिसलं बरं हे, नाहीतर काळोखात राहिलं असतं.

मी 'हो' म्हणाले. हो म्हणाले! नुसतं हसूनही भागलं असतं.


मंगळवार, १६ जानेवारी

आई संध्याकाळी शब्दकोडं घेऊन बसली होती. मद्याचा पेला, तीन अक्षरं, म्हणाली. मी म्हटलं, चषक. मग म्हणाली, "तुझं काय बिनसलंय?" काही नाही म्हटलं. "काही नाही, हे चार अक्षरी उत्तर आहे आणि चुकीचं आहे," म्हणाली आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं. तिला फसवणं मला शाळेतही जमलं नाही.


शुक्रवार, १९ जानेवारी

आज सगळ्या कर्मचाऱ्यांना चव देण्याचा कार्यक्रम झाला. प्रदर्शनात लोकांनी काही विचारलं तर नुसतं वाचलेलं सांगू नका, असं मॅडमचं म्हणणं. सर मुद्दाम आले. एकटे! रिक्षानं!

शास्त्राचं दालन काडेपेटी मांडतेय. आमच्या रसायनतज्ज्ञ बाई — अंगानं काडी, आणि भडकायला वेळ लागत नाही, म्हणून सगळे तेच नाव घेतात, अगदी तोंडावरसुद्धा. तिनं एक काळं द्राक्ष पांढऱ्या बशीत चिरडलं. रस पाण्यासारखा! आम्ही बघतच राहिलो. लाल सगळा सालीत असतो, म्हणाली. रसात साल भिजत ठेवायची, मग रंग उतरतो. वर्षं गेली की तोच लाल विटकरी होतो, मग तपकिरी, आणि गाळ बनून तळाशी बसतो. लाल टिकत नाही. ती हे अगदी सहज सांगत होती. माझे कान तापले.

मग एकेक घोट. मी आयुष्यात पहिल्यांदा. आधी आंबट, मग जीभ एकदम कोरडी, जणू कुणी आतून पुसून घेतली. वाइन लाळेचा बुळबुळीतपणाच धरून नेते, असं काडेपेटीनं सांगितलं. सर मधेच म्हणाले, "गिळलं की थांबा. लगेच बोलू नका. आता तोंडात काही नाही आणि सगळं आहे." सगळी खोली गप्प झाली. खरंच काहीतरी उरलं होतं. आंबट नाही, गोड नाही — कुणी नुकतंच खोलीतून उठून गेल्यासारखं.

शब्दांच्या दालनासाठी प्रत्येकानं चवीला एक शब्द लिहून द्यायचा होता. मॅडमनी 'मखमल' लिहिलं. दारावरच्या पहारेकऱ्यानं 'न वाळलेला गणवेश' लिहिलं, आणि काडेपेटी म्हणाली, सगळ्यांत अचूक हेच. मी 'चोरटी' लिहिलं. मग खोडून 'तुरट' केलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, तोंडाला कसला वास येतोय? नोकरीचा, म्हटलं. मग पगार वाढवून माग, म्हणाली.

हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मग सरांचा चेहरा आठवला.


बुधवार, २४ जानेवारी

सांगायचं ठरवूनच गेले होते. वाक्यही तयार होतं. सर, त्या पेल्यात वाइन होती, माझ्या हातून पुसली गेली. इतकं साधं.

दार सरांनीच उघडलं. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा. टेबलावर कागदच कागद. खाली बसायला लावून म्हणाले, एवढं एक ऐका, मग तुमचं काम सांगा. आणि वाचायला लागले.

एक तुकडा जसाच्या तसा डोक्यात बसलाय: "भरलेला पेला सगळ्यांचा असतो. टेबलावरचा कुणीही त्याच्याकडे पाहू शकतो, हात पुढे करू शकतो. रिकामा पेला मात्र एकट्या पिणाऱ्याचा. त्यात काय होतं, कसं होतं, हे आता तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. चित्रकारानं आपल्याला वाइन दाखवली नाही. त्यानं वाइन जाणणारं माणूस दाखवलं."

मी कपातल्या चहाकडे बघत राहिले. त्यात काय होतं हे जिच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही ती समोरच बसली होती.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं. लहान मुलासारखं विचारलं.

छान आहे, म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं. तेच तर! निबंध खरोखर छान आहे.

तुमचं काय काम होतं, म्हणाले. काही नाही, सहज आले होते, म्हटलं.

सूनबाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. तुमच्या त्या चित्रानं आमच्या घरातलं माणूस परत आणलं, म्हणाल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या. तो हात — त्यालाच मी दिवसभर शिव्या घालत होते.


मंगळवार, ३० जानेवारी

भित्तिपत्रकं लागली. बसथांब्यावर, वाचनालयाबाहेर, आमच्या फाटकावर. त्यावर बाई नाही, टेबल नाही — नुसता पेला. माणसाएवढा मोठा, रिकामा. खाली सरांची ओळ: 'रिकामा पेला एकट्या पिणाऱ्याचा.'

बसची वाट बघताना त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.


गुरुवार, १ फेब्रुवारी

आज कुणीतरी म्हणालं, तू फार विनयशील आहेस.


मंगळवार, ६ फेब्रुवारी

सरांचा फोन. भाषणाची सुरुवात माझ्या नावानं करणार आहेत. "ज्या हातांनी तो पेला आपल्याला दाखवला त्या हातांचं ऋण." तुम्ही पहिल्या रांगेत बसा आणि नाव घेतलं की उभ्या राहा, म्हणाले.

नको म्हटलं. ऐकेनात. पुन्हा नको म्हटलं, तर हसून म्हणाले, लाजता काय!


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

उद्या उद्घाटन. आज सांगितलं.

सकाळीच गेले. सूनबाई बाजारात गेल्या होत्या, हे एक बरं झालं. या वेळी बसलेच नाही. उभ्यानं, पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. पहिला हात, लाल, दुसरा हात, गुलाबी बोळा. बोळे टाकले तेसुद्धा. माफी मागितली.

सर समोरचे कागद उगाच सारखे करत राहिले. कडा जुळलेल्याच होत्या, तरी जुळवत राहिले.

"लाल होता?"

"हो सर."

"किती होता? तळाशी, की..."

"अर्ध्याच्या वर."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे ती अजून प्यायलीच नव्हती," म्हणाले.

रागवायला हवं होतं त्यांनी. ओरडले असते तर मी रडले तरी असते. एवढंच म्हणाले, तुम्ही आता घरी जा, मला थोडं वाचायचंय.

रस्त्यावर आले आणि श्वास मोकळा झाला. खांदे हलके झाले. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तर मी चक्क भराभर चालत होते! तिथे पाय थबकले. ओझं उतरलं ते कुठे? त्यांच्या टेबलावर. उद्या भाषण करायचंय त्या माणसाच्या टेबलावर.


शनिवार, १० फेब्रुवारी

सभागृह भरलं होतं. मी पहिल्या रांगेत बसले नाही. तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसले.

मॅडमनी सरांची ओळख करून दिली. सर उठले. हातात कागद नव्हते. दाढी केलेली होती, पण गालावर कापलं होतं.

म्हणाले, "मी एक निबंध लिहिला होता. तो चुकीचा आहे. या पेल्यात वाइन होती. आज ती दिसत नाही. मी म्हाताऱ्यानं घाई केली, आणि जे चित्रात नव्हतं त्यावर तत्त्वज्ञान रचलं. तुमच्या हातातल्या पुस्तिकेत ती पानं आहेत. कृपया वाचू नका. मी दिलगीर आहे."

आणि बसले.

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच बऱ्याच जणांना खोकला आला. एक गृहस्थ उठून म्हणाले, वाइन होती हे तुम्हाला कशावरून कळलं? सर म्हणाले, "कळलं." कुणी सांगितलं, असं त्यांनी पुन्हा विचारलं. सर म्हणाले, "चूक माझी आहे, एवढं पुरे नाही का?"

माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. खांबाआड मी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेव्हाच उठायचं होतं. नुसतं उठून 'मी सांगितलं' म्हणायचं होतं. दोन शब्द. गुडघ्यांवर हात ठेवलेसुद्धा — उठायला ठेवतात तसे. तसेच राहिले.

मॅडमनी घाईघाईनं आभार मानले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

बाहेर सूनबाई सरांना जिना उतरवत होत्या. पुन्हा हाताला धरून.


सोमवार, १२ फेब्रुवारी

पेपरात आलंय. 'रिकामा पेला, रिकामं तत्त्वज्ञान.' लिहिणाऱ्याला फार मजा आलेली दिसते. नसलेल्या वाइनची झिंग चढलेले प्राध्यापक, असं लिहिलंय. माझ्याविषयी काही नाही. 'चित्राची सफाई मात्र वाखाणण्याजोगी' — एवढं एक वाक्य आहे! पेपर चुरगाळला. मग पुन्हा सरळ केला आणि वाचला.

सरांकडे फोन केला. वाजत राहिला.

आईनं पेपर वाचला होताच. बिचारा माणूस, म्हणाली. आणि मग माझ्याकडे पाहून पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं विचारेल, पुसलंस कसं, बोळे का टाकलेस, इतके दिवस घरात तोंड शिवून का बसलीस. यातलं काहीच विचारलं नाही.

"आणि तू बसून राहिलीस?"

एवढंच म्हणाली. पुन्हा पेन उचललं नाही. कोडं अर्धंच राहिलं.


मंगळवार, १३ फेब्रुवारी

सकाळी मॅडमच्या खोलीत गेले. काडेपेटीही होती तिथे. बाहेर जाऊ का म्हणाली, मी म्हटलं, नको, बस.

सांगितलं. या खेपेला बसून, सावकाश. नाव घेऊन — माझं.

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, सरांना मी बोलावलं होतं, माझ्या भरवशावर आले होते ते. मग चित्रांचं काम पुढचं कळवेपर्यंत बंद, असं सांगितलं. बरोबरच आहे.

काडेपेटी म्हणाली, बोळे कुठायत? टाकले, म्हटलं. तिथे ती भडकली. "रंग निघून येणं हा अपघात आहे गं. माझ्या हातूनही होईल. बोळे टाकणं हा अपघात नाही." मग जरा निवली आणि म्हणाली, भेगांमध्ये कुठे एखादा कण राहिला असेल तर बघते. रंग कुठला ते कळलं तर तसा पुन्हा भरता येईल.

चित्राशेजारी पाटी लावायचं ठरलं. मॅडमनी लिहिलं होतं, 'सफाईदरम्यान पेल्यातला रंग नष्ट झाला.' मी म्हटलं, असं आपोआप झाल्यासारखं नको. खाली माझं नाव घाला, आणि सरांना हे ठाऊक नव्हतं हेही लिहा. मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. घातलं त्यांनी.


शुक्रवार, १६ फेब्रुवारी

लोक चित्रापेक्षा पाटी जास्त वेळ वाचतात. मी दारापाशी तिकिटं फाडायला उभी असते. हल्ली माझं काम तेच. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "नोकरीवर ठेवतात कसे असल्यांना?" मी त्यांना तिकिटाचा अर्धा तुकडा परत दिला. जिना डावीकडे आहे, म्हणून सांगितलं.

पेपरवाल्यांनी आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळी छापल्या. सरांवर हसले होते ते पहिल्या पानावर.


गुरुवार, २२ फेब्रुवारी

धीर करून सरांकडे गेले. सूनबाईंनी दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेल्या. बसा म्हणाल्या नाहीत. बरोबर आहे, म्हणण्यासारखं मी काय ठेवलंय?

सर मागच्या अंगणात खुर्चीवर होते. दाढी वाढलेली. मला वाटलं, झालं, पुन्हा पहिल्यासारखे झाले. पण नाही. पुस्तक होतं मांडीवर. माझ्याकडे पाहून खुर्ची पुढे सरकवली.

पाटीचं कळलं, म्हणाले. मी माफी मागितली. त्या दिवशी बसून राहिले त्याची. पुसल्याची नाही — ती आधी मागून झाली होती. त्यांनी ती वेगळी आहे हे ओळखलं.

थोड्या वेळानं म्हणाले, "हसले त्याचं मला काही नाही. वर्गात वर्षानुवर्षं हसतच होती मुलं. वाईट याचं वाटलं, की ती ओळ मला आवडली होती. फार दिवसांनी स्वतःची एखादी ओळ आवडली होती." मग म्हणाले, "पण खोट्यावर टेकून उभं राहायची या वयात भीती वाटते. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. ती पानं मी रद्दीत घातली. आता रोज सकाळी फिरायला जातो, नव्यानं वाचतो. मन शांत आहे."

निघताना सूनबाईंनी पाण्याचं भांडं आणून दिलं.

घरी येऊन पोटभर जेवले. आई बघत होती. म्हणाली, वाढू का अजून? वाढ, म्हटलं. कित्येक दिवसांनी स्वतःला आरशात बघताना नजर खाली गेली नाही. चूक झाली, कबूल केली, भोगतेय. हिशेब पुरा झाला असं वाटतंय.


मंगळवार, २७ फेब्रुवारी

काडेपेटीनं खालच्या प्रयोगशाळेत बोलावलं. भडकलेली नव्हती, म्हणूनच घाबरले.

पेल्याच्या काठाशी एका भेगेत लालाचा कण सापडला. त्याच्याखाली वार्निश आहे. म्हणजे चित्र पूर्ण झालं, वर वार्निश चढलं, वाळलं, आणि पुढे कधीतरी कुणीतरी वरून लाल भरला. तो रंगही चित्रकार वारल्यानंतर बाजारात आलेला. रिकामा पेला घेऊन बसलेली बाई कुणाला तरी भिंतीवर नको झाली असेल.

चित्रकारानं पेला रिकामाच काढला होता.

सरांचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. बोळे ठेवले असते तर पहिल्या आठवड्यातच कळलं असतं. मी ते टाकले, मग खरं सांगितलं — आणि बरोबर असलेल्या माणसाला सगळ्यांसमोर स्वतःला चूक म्हणायला लावलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, अगं, मग ही तर चांगली बातमी.

आहे का?

फोन केला. सूनबाईंनी उचलला. बाबा आत्ताच फिरून आलेत, आता कुठे सावरलेत, म्हणाल्या. काही निरोप द्यायचाय का?

"नाही," म्हटलं. "मीच येते. समोर बसून सांगायचंय."

चपला घालूनच हे लिहितेय.